कापसावरचे पाय

चुलीतली वीट टच्कन तडकली तशी रुपा दचकली.

जेवणं आटोपली होती. दिवसभराच्या वेचणीनं घर हातपाय टाकून गप्प बसलं होतं. रुपाचा नवरा लखन ओसरीत खांबाला टेकून बसल्या बसल्या पेंगत होता. लेक मंजू आजीच्या गोधडीत शिरून पडली होती. भिंतीशी छातीइतका कापूस लागला होता आणि त्याचा सरकीचा कोरडा वास घरभर होता. त्या सगळ्यात तेवढा एकच आवाज झाला.

"फुटली काय व?" बाजेवरून आशाबाईंनी विचारलं.

"फुटली, आत्याबाई. लय तापली."

"कायची तापली! दुसरी ठेव. अन् फडक्याच्या चार चार घड्या नको करू, दोनच कर. मले तं तुही इट थंडीच लागते."

रुपानं दुसरी वीट निखाऱ्यात सारली. वेचणीच्या दिवसांत हे रोजचंच होतं. भांडी झाली की वीट तापवायची, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायची, सासूचे पाय मांडीवर घेऊन शेकायचे आणि मग घटकाभर दाबायचे. रुपाला त्याचा कंटाळा नव्हता. दिवसा दोघींचं तोंडाला तोंड लागायचं, कधी भाजीतल्या मिठावरून, कधी मंजूच्या वेणीवरून; पण पाय मांडीवर आले की दोघींचाही आवाज खाली यायचा. आशाबाई मनातलं बोलायच्या ते तेव्हाच. नवरा गेला त्या सालचं, नदीपल्याडच्या माहेरचं, कधी नुसतंच, "तू आली तवा किती बारीक होती व, काडीसारखी." रुपाला आई आठवायची आणि ती अंगठ्यानं टाच जरा जास्तच दाबायची.

वीट फडक्यात घेतली तसा तिच्या तळहाताला चटका बसला. तिनं ती या हातातून त्या हातात झेलली, फुंकर घातली आणि सासूच्या उजव्या पायाच्या चवड्याखाली टेकवली. पाय जागचा हलला नाही.

"हं," आशाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "आता जराशी ऊब येऊन राह्यली. राहू दे तशीच."

रुपानं राहू दिली.

सकाळी आशाबाई न्हाणीत बसल्या होत्या आणि रुपा त्यांच्या पाठीवर पाणी घालत होती, तेव्हा तिला फोड दिसला. अंगठ्याच्या बुडाशी, चवड्यावर, बोराएवढा, पाण्यानं टम्म भरलेला. रुपाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आत्याबाई, पाय पाहा तुमचा."

आशाबाईंनी पाय उचलून मांडीवर घेतला. दुसऱ्याची वस्तू पाहावी तसा उलटासुलटा करून पाहिला, फोड बोटानं दाबला. "दुखत तं नाही. चप्पल चावली असन."

"इटीनं भाजलं, आत्याबाई."

"इटीनं भाजलं असतं तं मी बोंबलली नसती का? मले तोंड नाही का?" त्या हसल्या. "घाल पाणी. पात धरायले उशीर होऊन राह्यला."

रुपानं हळद-तेलाचा बोळा केला. तो तिनं फोडावर बांधला. बांधताना तिच्या तळहाताचा चटका तिलाच झोंबत होता, आणि ती मनाशी म्हणत होती, मला एवढासा लागला तर इतका झोंबतो.

शेत पेनगंगेच्या अंगाला होतं, काळं, भारी. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली आणि बोंडं एकदमच फुटलेली. रान पांढरं झालं होतं, ते पाहून कोणालाही आनंद व्हावा; पण चार दिवसांपासून आभाळाच्या कडेला ढग धरून होते, आणि आता पाऊस आला तर तोच कापूस भिजून काळा पडणार होता. गावोगाव वेचणी एकाच वेळी आलेली. मजूर बाया सकाळी कोणाच्या टेम्पोत चढतील याचा नेम नव्हता. त्या आशाबाईंच्या शेतात टिकायच्या त्या आशाबाईंमुळे. म्हातारी स्वतः कापसाच्या ओळीची पात धरायची, दोन्ही हातांनी बोंडं खुडायची, तोंडानं चेष्टा चालू ठेवायची आणि दुपारी सगळ्यांना आपल्या डब्यातली ठेचा-भाकर द्यायची. त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर नसल्या की बायांचा पाय निघायचा.

म्हणून फोडाचं पुन्हा कोणी बोललं नाही. फुटला, चिघळला, हळद बदलली. रुपा रोज संध्याकाळी कापड सोडायची आणि नवं बांधायची. वीट तिनं बंद केली होती. आशाबाई कुरकुरल्या, तर "सरपण ओलं हाय" म्हणाली.

रविवारी मंजूही शेतात आली होती. दुपारी आशाबाई पात संपवून धुऱ्याकडे चालल्या होत्या आणि मंजू मागून पळत आली. तिच्या हातात एक चप्पल होती.

"आजी, तुही चप्पल मागंच राह्यली!"

आशाबाईंनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा होता, ढेकळांवर, तुटक्या पऱ्हाटीच्या टोकांवर. बांधलेलं कापड कुठंतरी गळून पडलेलं. केव्हापासून त्या तशा चालत होत्या, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"पाय माती मागते, व माय," त्या नातीला म्हणाल्या. पण रुपानं त्यांचा चेहरा पाहिला. तो थट्टेचा नव्हता. चप्पल हातात घेऊन त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. चपलेच्या चवड्यावर ओला, पिवळसर डाग होता. वास येत होता.

"उद्या डॉक्टरबाबाकडं जाऊ," रुपा म्हणाली.

"आभाळ पाह्यलं का तू?"

"पाह्यलं. तरी जाऊ."

सून चारचौघांत एवढं ठामपणे पहिल्यांदाच बोलली होती. शेजारच्या पातीतली रुक्माबाई कंबर सरळ करून ऐकत होती. ती म्हणाली, "बाबाकडंच जाजो, आशे. त्याहीच्या सुनेकडं नोको बसू. ते नवी डॉक्टरीन सुई देत नाही, नुसती इचारत राह्यते. अन् आल्या आल्या पाय धुवाले लावते. दवाखाना हाय का देऊळ, म्हटलं मी."

"काय इचारते?"

"पाय दाखव म्हणते. आता खोकल्याले गेली मी, अन् पाय दाखवू? माही काय पत्रिका पायावर लेहेली हाय?"

बाया हसल्या. आशाबाईही हसल्या, पण चप्पल त्यांनी पायात घातल्यावर वाकून दोनदा पाहिली.

जैनथच्या रस्त्याला, तेलुगू मुलखाच्या शिवेवरच्या फाट्यावर, कडुनिंबाखाली डॉक्टर गोपाळरावांचा दवाखाना होता. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत बाकडी. लखन लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा हा माणूस सायकलवर, गुडघाभर चिखलातून गावात आला होता आणि पोराचा ताप उतरेपर्यंत बाजेशी बसून राहिला होता. तेव्हापासून आशाबाई पडवीच्या पायरीला आधी हात लावून तो कपाळाला लावायच्या, मग आत जायच्या. पहिला हुरडा, पहिल्या शेंगा दवाखान्यात जायच्या. शुगर निघाली तेव्हाही त्या घाबरल्या नाहीत. "बाबा हायत ना," म्हणाल्या.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, गोधडी लागली तरी सहन व्हायचं नाही. बाबांनी ताकदीच्या सुया दिल्या. हळूहळू आग थांबली, मुंग्या थांबल्या. साऱ्या गावात आशाबाईंनी सांगितलं, "सुई लागू पडली. पाय कसे गार झाले." त्यानंतर त्या गेल्या की बाबा विचारायचे, "कसं हाय?" त्या म्हणायच्या, "तुमच्या कृपेनं बरं हाय," आणि लुगड्याच्या निऱ्यांनी पाय झाकून घ्यायच्या. देवासारख्या माणसासमोर पाय पसरायचे नाहीत, हे त्यांना कोणी शिकवायला लागलं नव्हतं.

लखननं दोघींना आणि मंजूला गाडीवर आणून सोडलं आणि टेम्पोवाल्याला गाठायला गेला. पडवीत गर्दी होती. एका दाराशी बाबांसाठी रांग. दुसऱ्या दाराशी, जिथं त्यांच्या सुनेचं, डॉक्टर चारुलताबाईंचं नाव लावलं होतं, तिथं एक पोटुशी बाई आणि एक तेलुगू म्हातारा, दोघंच. दाराबाहेर नळ, नळाखाली बसायला घडीव दगड, वर स्वच्छ फडकं. मारोती कंपाउंडर दोन्हीकडं धावत होता. "कूर्चो, ताता, कूर्चो," म्हणून त्यानं म्हाताऱ्याला बाकावर बसवलं आणि आशाबाईंकडे वळला. "मावशी, डॉक्टरअम्माकडं बसता का? लवकर होईन."

"मी बसन रांगेत."

रांग सरकत सरकत त्या आत गेल्या. बाबा थकले होते. चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला, पण हसणं तेच. त्यांनी हात पुढं केला, आशाबाईंनी मनगट दिलं.

"काय म्हणता, आशाबाई? कापूस किती निघाला?"

"आभाळ निघू दिन तेवढा निघन. काही नाही, बाबा, जराशी कमजोरी वाटते. एखादी सुई द्या."

बाबांनी वही न पाहताच कपाट उघडलं. रुपा दाराशी उभी होती, पदर डोक्यावर, मंजूचं बोट धरून. घरातली मोठी माणसं बोलत असताना सुनेनं बोलायचं नाही. दवाखान्यात आजवर ती कधी बोललीही नव्हती. तिच्या स्वतःच्या दुखण्याचंसुद्धा याच खुर्चीवर बसून सासूनं सांगितलं होतं. तिनं घसा साफ केला.

"बाबा, त्याहीच्या पायाले जखम हाय."

आशाबाईंनी मान वळवून पाहिलं. ती नजर रुपाला ओळखीची होती. दूध उतू गेल्यावर यायची तीच.

"हो का? दाखवा पाहू," बाबा म्हणाले.

"नाही, नाही. काही नाही, बाबा. खरचटलं."

"अहो, दाखवा. काय झालं त्यात?"

"तुमच्या हातात पाय देऊ मी?" आशाबाईंनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "कोन्या नरकात जाईन? मलम द्या, घरी लावते."

बाबांचा हात हवेतच थांबला. मग, वर्षानुवर्षं थांबला असेल तसाच, मागं गेला. "बरं," ते म्हणाले. "मलम देतो. पण साखर तपासून..."

"बाबा, वास येते," रुपा म्हणाली. आवाज चढला होता, तिला कळलं, पण खाली आणता येईना. "चप्पल पायातून निघून गेली तं त्याहीले समजलं नाही. ढेकलात तशाच चालत होत्या."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते हळूच उठले आणि मधलं दार उघडून म्हणाले, "चारू, जरा बघतेस का?"

चारुलताबाई रुपापेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. केस आवळून बांधलेले, हातात काही नाही, नुसतं घड्याळ. त्यांनी आशाबाईंना नळाशी नेलं, दगडावर बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर मांडी घातली.

"नाही, नाही, बाई!" आशाबाई अर्ध्या उठल्या. "तुमी त्या घरच्या लक्ष्मी. तुमी खाली अन् मी वर?"

"मावशी, तुमची सून रोज पाय घेते ना मांडीवर?"

"ते सून हाय."

"मीही सूनच आहे. इथली," चारुलताबाई म्हणाल्या आणि पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून पाहिलं. "बसा. मला खाली फार वेळ बसवत नाही."

आशाबाई बसल्या. बसताना त्यांनी डोळे मिटून हात जोडले, चुकीची माफी आधीच मागून ठेवावी तसे. चारुलताबाईंनी पायावर पाणी घातलं, काळी माती धुतली, भेगांतून बोट फिरवलं, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. चवड्याखालची जखम रुपयाएवढी झाली होती. कडा पांढऱ्या, आत पिवळं, एका बाजूला काळसर.

"हे कशानं झालं?"

"पऱ्हाटीचं खुंट टोचलं," आशाबाई लगेच म्हणाल्या.

रुपानं सासूकडं पाहिलं. आशाबाई तिच्याकडं पाहत नव्हत्या. समोरच्या भिंतीकडं पाहत होत्या, अगदी सहज. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. फोड पाहिला तेव्हापासूनच ठाऊक होतं.

"टोचलेलं नाही हे. भाजलेलं आहे."

"मी शेकत होती," रुपा म्हणाली. "इटीनं. त्या म्हणे अजून तापव, अजून तापव. मी तापवली. माह्या हाताले चटका बसला तरी मी..." तिनं तळहात उघडून पुढं धरला. मंजू तिच्या तोंडाकडं पाहत होती.

"तिची काही चूक नाही," आशाबाई म्हणाल्या. "लय माया करते पोरगी. मीच म्हणे."

चारुलताबाईंनी पाय फडक्यानं टिपला आणि आशाबाईंच्या पदराला चिकटून आलेला कापसाचा एक पुंजका काढला. "मावशी, डोळे मिटा. मी कापूस लावते. लागला की सांगा."

त्यांनी आधी हाताला लावला. "लागला." गालाला लावला. "लागला, लागला. गुदगुल्या होतात." मग पायाच्या अंगठ्याला लावला.

आशाबाई वाट पाहत होत्या.

टाचेला लावला. चवड्याला. डाव्या पायाच्या बोटांना, एकेक. पुंजका असा हलका फिरत होता की रुपाच्या स्वतःच्या तळपायांना शहारे आले. आशाबाईंचा चेहरा अजून ऐकत असल्यासारखा, मान किंचित तिरकी. जन्मभर ज्या कापसात त्यांचे हात होते तो त्यांच्या पायावर फिरत होता, आणि त्या तो येण्याची वाट पाहत होत्या.

"लावा ना," त्या म्हणाल्या.

कोणीच बोललं नाही म्हणून त्या गोंधळल्या. मग शाळेतल्या पोरासारखं अंदाजानं म्हणाल्या, "लागला. आता लागला."

चारुलताबाईंचा हात तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मांडीवर होता.

दारात गोपाळराव येऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते पुढं आले, दाराशी ठेवलेला दिवा ओढून जखमेवर धरला आणि तो नीट पडावा म्हणून तेही खाली बसले, गुडघ्यांना हात देत.

"बाबा, तुमी उठा!" आशाबाईंचा आवाज फाटला.

"बसू द्या, आशाबाई. आता बसलो, लवकर उठवत नाही मला." थोडा वेळ ते दिवा धरून राहिले. मग म्हणाले, "मागच्या दिवाळीत तुमी मले सांगतलं होतं. कापसावर चालल्यासारखं वाटते म्हणून."

"हो. तुमी म्हणले, दिवसभर कापसातच राह्यता तं काय दगडावर चालल्यासारखं वाटन?" त्या आठवणीनं हसल्या. "लय हासलो होतो आपण."

"हासलो होतो," गोपाळराव म्हणाले, आणि दिवा दुसऱ्या हातात घेतला.

चारुलताबाईंनी मेलेली कातडी कापायला सुरुवात केली. कात्री चालली तशी रुपाच्या पायाची बोटं आत वळली. मंजूनं तोंड आईच्या पदरात खुपसलं. आशाबाई मात्र मारोतीला विचारत होत्या, "तुह्या पोरीचं जमलं का रे? तिकडं वांकिडीकडं पाहून राह्यले होते ना?" मारोतीनं मान खाली घातली. त्याला कात्री दिसत होती.

पट्टी झाल्यावर चारुलताबाई म्हणाल्या, "हाडापर्यंत गेलेलं नाही. पण हा काळा भाग वाढला तर बोट जाईल, अन् मग बोटावर थांबेलच असं नाही. हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. एक दिवसाआड इथं यायचं. गोळ्या मी बदलून देते."

"पाय नाही टेकवला तं वेचन कोण?"

"ते मला ठाऊक नाही, मावशी."

आशाबाईंनी गोपाळरावांकडं पाहिलं. इतक्या वर्षांची सवय होती. शेवटचा शब्द तिकडून यायचा. गोपाळराव म्हणाले, "ती म्हणते तसं. अन् पुढच्या खेपेला मलाही दाखवायचा पाय. लपवायचा नाही."

घरी येताना गाडीवर लखनपुढं मंजू होती, मधे पाय आडवा धरून आशाबाई आणि त्यांच्या मागं रुपा. गाव दिसायला लागलं तेव्हा त्या मागं न वळता म्हणाल्या, "त्या रुक्मीपाशी नोको सांगू इटीचं."

"तुमाले ठाऊक होतं, आत्याबाई?"

"गाव बोलते, व. सुनेनं जाळलं म्हणते." आणि थोड्या वेळानं, "मले वाटे आगच थांबली म्हणजे बरा झाला पाय."

वेचणी थांबली नाही; कशी थांबणार? दुसऱ्या दिवशी तीनच बाया आल्या. लखननं गड्या माणसाची लाज सोडून कापूस भरायची ओटी कमरेला बांधली आणि पात धरली. धुऱ्यावरनं जाणारे हसले, त्यानं मान वर केली नाही. रुपा उजाडायच्या आत निघायची. आशाबाई ओसरीत बाजेवर, पाय उशीवर, भोवती कापूस घेऊन बसायच्या; त्यातली किडकी कवडी, पाचोळा निवडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायच्या. "द्वारके, कुठं चालली? माह्या पोराचं शेत पाह्यलं का? जाय ना बाप्पा, दोन ओट्या वेचून दे, मी तुह्या पोट्टीच्या लग्नात पोळ्या लाटीन." बाजेवरून बोलूनही त्या दोन-चार बाया रोज शेतात पाठवायच्या.

एक दिवस दुपारीच अंधारून आलं. नदीकडून गार वारा सुटला. अंगणात वाळत घातलेला कापूस उडायला लागला आणि आशाबाई बाजेवरून उठल्या. उजवा पाय जमिनीवर टेकला, आणि मंजू शाळेतून येत होती ती दारातूनच ओरडली, "आजी, टेकला! टेकला! डॉक्टरअम्मा बोट कापीन!"

आशाबाई तशाच उभ्या राहिल्या, एका पायावर, खांबाला धरून. कापूस अंगणात लोळत होता. त्यांच्या डोळ्यांसमोर तो कुंपणाला जाऊन अडकला. मंजूनं दप्तर टाकलं आणि फ्रॉकमध्ये गोळा करायला लागली. रुपा धावत आली तेव्हा म्हातारी खाली बसून रडत होती. पाऊस चार थेंब पडून गेला. पण रुपानं सासूला रडताना तेव्हाच पाहिलं, सासरे गेल्यानंतर पहिल्यांदा.

दवाखान्यात आता त्या न सांगता नळाच्या दगडावर बसायच्या. पाण्यात कोपर बुडवायला रुपा शिकली. जखमेची कड पाहायला शिकली. काळं होतं ते वाढलं नाही, मग सुटं झालं, मग एके दिवशी चिमट्यात निघून आलं. आत लाल होतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं.

"लाल आहे," चारुलताबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "लाल चांगलं. बोट राहिलं, मावशी."

दुसऱ्या दारातून गोपाळराव आले, वाकून पाहिलं, आणि आशाबाईंनी पाय मागं घेतला नाही. फक्त पदर डोक्यावर ओढला.

"अन् समजनं कधी येते मंग? पायाले?" त्यांनी विचारलं.

चारुलताबाईंनी पट्टी पुरी बांधली, गाठ मारली. "साखरेनं पायाच्या नसा मेल्यात, ते आता येईल असं वाटत नाही. रोज पाहायचं. चप्पल घालण्याआधी हात घालून पाहायचं. तुम्हाला नाही दिसलं तर रुपानं पाहायचं."

"अन् इट?" रुपानं विचारलं.

"वीट नाही. नुसते दाबले तर चालतील, हलक्या हातानं."

बाहेर पडवीत त्या दिवशी रुक्माबाई बसली होती. चारुलताबाईंच्या दाराशी, पाय धुऊन, लाजल्यासारखी. "खोकलाच हाय," ती म्हणाली, कोणी न विचारता. "पण म्हटलं दाखवून टाकू."

त्या संध्याकाळी शेवटची पात उरकली होती. भिंतीशी कापूस छपराला लागला होता. चूल विझवली तरी घरात ऊब होती. लखन जेवून बाहेर गेला. रुपानं भांडी आवरली, हात पुसले, आणि सवयीनं चुलीकडं पाहून मग बाजेच्या पायथ्याशी बसली. सासूचे पाय मांडीवर घेतले. उजव्या पायाची पट्टी पांढरी, कोरडी होती. तिनं डावी टाच हातात घेऊन हळूहळू दाबायला सुरुवात केली.

"हं," आशाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "बरं वाटते, व. दिवसभर वाट पाहतो मी याची."

मंजू सरकत सरकत आली. तिच्या हातात कापसाचा पुंजका होता. हा खेळ ती गेले काही दिवस खेळत होती. बाहुलीशी, शेजारच्या वासराशी, झोपलेल्या बापाशी.

"आजी, डोळे लाव. मी कापूस लावतो. लागला की सांगजो."

"लावलेच हाय माय."

मंजूनं आजीच्या अंगठ्याकडं पाहिलं. हात पुढं केला, आणि मधेच थांबवला. मुठीत पुंजका दाबून धरला. "लागला?"

"हो, व माय," आशाबाई म्हणाल्या. "किती मऊ लागला."

थोड्या वेळानं आशाबाईंचा श्वास जड झाला, तोंड जरासं उघडं पडलं. तेव्हा मंजू आईच्या कुशीपाशी आली, मूठ उघडून दाखवली आणि कानात म्हणाली, "आई, मी लावलाच नव्हता."

रुपानं मान हलवली. तिचे अंगठे टाचेवरून फिरत होते, भेगांवरून, घोट्याच्या हाडाभोवती, लग्न होऊन आल्यापासून फिरत आले होते तसेच. मंजू त्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं आजीच्या झोपलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं, पुन्हा हातांकडं, आणि विचारलं,

"मंग तू रोज पाय दाबतं, आई, ते आजीले समजते का?"